साच्याखाली जेवायला बसलेल्या बायका

आधीच सांगून टाकते, आमच्या घरात देव्हारा नाही आणि त्यामुळे भूतही नाही. माझे वडील – आम्ही त्यांना भाऊ म्हणतो – जळगावला हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायचे. त्यांचं म्हणणं असं, की एकाला दार उघडलं की दुसरं मागोमाग आत येतं, तेव्हा कडीच लावून ठेवलेली बरी. शेजारच्या एका बाईंच्या अंगात यायचं, तेव्हा भाऊ मला मुद्दाम तिथे न्यायचे आणि त्यांची नाडी मोजायला लावायचे. बाई जाम चिडायच्या. अशा घरातली मी... या सदरात लिहायची वेळ माझ्यावर येईल असं कधी वाटलं नव्हतं. इतकी वर्षं तुमचे अनुभव वाचून मी हसत आले, आता तुम्ही हसा. फिट्टंफाट.

साल एकोणनव्वद. जळगावला रस्त्यांचं काम बघणाऱ्या एका सरकारी ऑफिसात मी ट्रेसर होते. ट्रेसर म्हणजे साहेबांनी पेन्सिलीने काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद अंथरून तो शाईने गिरवणारी. दुसऱ्याच्या रेषांवरून जायचं, स्वतःची एकही रेष काढायची नाही. मला ते काम आवडायचं, कारण त्यात कल्पनाशक्ती लागत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा असं म्हणणार नाही, पण माझा स्वभाव कळावा म्हणून लिहिलं.

आमचं मूळ गाव भडगाव तालुक्यात, गिरणेच्या काठाला. नाव लिहीत नाही. गावातले लोक हे सदर वाचतात आणि मला अजून तिथे जावं लागतं. गावात शिरताना काळ्या दगडाची एक कमान लागते. कापसाने गच्च भरलेली गाडी सहज खालून जावी एवढी रुंद आणि दोन घरं एकावर एक ठेवावीत एवढी उंच. विलायतेत नवा राजा गादीवर बसला, त्या निमित्ताने गोरा कलेक्टर दौऱ्यावर येणार होता, म्हणून गावच्या तेव्हाच्या मोठ्या लोकांनी ती हौसेने बांधून घेतली. आत गाव मात्र चिमूटभर. भडगावचे लोक आम्हाला चिडवायचे, की तुमच्या गावाला नुसतं तोंड आहे, पोट नाही.

कमान कशी बांधली याच्या गोष्टी लहानपणी खूप ऐकल्या. दगड पलीकडच्या टेकडीतून गाड्यांनी आला. चुना नाल्याकाठी भट्टीत भाजला आणि घाणीत दळला – घाणी म्हणजे जमिनीत गोल चर, चरात उभं दगडी चाक आणि ते फिरवायला बैल. दळताना त्यात गूळ आणि बेलफळाचं पाणी घालायचे. त्या उन्हाळ्यात सगळा गूळ कमानीने खाल्ला, असं म्हातारी माणसं सांगायची. ओझी वाहिली ती आमच्या वस्तीने. पुरुषांनी दगड आणि बायकांनी डोक्यावरच्या पाट्यांतून चुना. माझ्या आजोबांची – आबांची – आई त्या बायकांमध्ये होती.

आणि मग कलेक्टर आला त्या दिवशी कमानीला तोरणं लागली, वाजंत्री लागली, नि आमच्या लोकांना सांगितलं गेलं की तुम्ही नाल्यातून या. विटाळ होईल. गावात यायचा गाडीरस्ता एकच, तो कमानीखालून. दुसरी ती नाल्यातली पायवाट. ज्यांच्या डोक्यावरून कमान उभी राहिली ते नाल्यातून आले.

हे आबांना त्यांच्या आईने सांगितलं आणि आबांनी ते गाठीला बांधलं. आयुष्यभर ते कमानीखालून गेले नाहीत. त्यांच्या लग्नात नवरी नाल्यातून आली. आजी शेवटपर्यंत त्यावरून टोमणे मारायची, म्हणायची, माझा हिरवा शालू चिखलानेच धुतला गेला. पुढे काळ बदलला, आमची सगळी वस्ती एके दिवशी निळे झेंडे घेऊन वाजतगाजत कमानीखालून गेली, भाऊ तेव्हा पुढे होते. आबा एकटे नाल्यातून चालत पलीकडे जाऊन उभे राहिले. भाऊ त्यांना म्हणाले, आता कोण अडवतंय आबा? त्यावर आबांचं एकच उत्तर ठरलेलं असायचं.

"ज्या दारातून मन्ही मायले जाऊ दिधं नही, तठून मी जास नही."

हट्टाचं कौतुकही करता येतं, पण त्या वर्षी हट्ट अंगाशी यायला लागला होता. आबांचा एक डोळा काचबिंदूने आधीच गेलेला. दुसऱ्यात मोतीबिंदू पिकलेला. जळगावचे डॉक्टर गावात शिबिराला आले तेव्हा त्यांनी बजावलं होतं की ऑपरेशन लवकर करा, नाहीतर हाही डोळा हातचा जाईल. जळगावला न्यायचं तर गाडीत बसवायचं, आणि गाडी कमानीखालूनच जाणार. नाल्यातून चालायला गुडघे उरले नव्हते. खाटेवर घालून नाल्यातून नेऊ म्हटलं तर म्हणाले, जिवंत माणसाला खाटेवर नेत नसतात. भाऊंनी समजावलं, मी रडले, चुलतभावाने एकदा उचलूनच गाडीत घातलं तर आबांनी तोंडावर धोतराचा सोगा घेऊन असा काही आवाज काढला, की त्याने घाबरून खाली ठेवलं. आंधळा होईन, पण जाणार नाही. आणि खरंच होत चालले होते. मी ताटात काय वाढलंय ते त्यांना बोटांनी चाचपून कळायचं. मला ते बघवत नव्हतं.

अशात आमच्या ऑफिसात रस्ता रुंद करायचं निघालं आणि त्यात ही कमान आडवी आली. पाडायचं ठरण्याआधी मोजमापं हवी होती. मी साहेबांच्या मागे लागून ते काम मागून घेतलं. तुम्हाला वाटेल, वारसा जपायला. छे! मला ती लवकरात लवकर पडायला हवी होती. आबाही म्हणाले होते, तुमचं खातं पाडतंय ना, मग पाडू द्या, मी लगेच येतो. पण सरकारी काम आणि आबांचा डोळा, यांतलं आधी काय संपेल ते मला दिसत होतं.

वैशाख होता. मी आणि टेप धरायला आलेला शिपाई शिवदास सकाळच्या एसटीने उतरलो. तिथलं ऊन ज्याने खाल्लंय त्यालाच माहीत. दुपारपर्यंत कमानीचे दोन्ही पाय मोजून झाले, वरची गोलाई राहिली. शिवदास गावातून शिडी आणायला गेला. मी कमानीखालच्या सावलीत, नदीकडच्या पायाला टेकून बसले. डबा शेजारी होता, उघडला नव्हता. रस्त्यावर चिटपाखरू नाही. गिरणेकडून वाऱ्याची झुळूक यायची आणि परत जायची. मी वर बघत बसले होते. डोळे उघडे होते की मिटले होते, ते मला आज सांगता येणार नाही. खरं सांगायचं तर तो फरकच तेव्हा नाहीसा झाला होता...

आधी वास आला. गूळ भिजल्याचा, आणि त्याच्यामागे ताज्या चुन्याचा तिखट, नाकात चढणारा. मग कुठेतरी चाक फिरत असल्याचा आवाज, खूप हळू, थांबून थांबून. मला वाटलं, कुणाकडे रसवंती लागली असेल. मी वर पाहिलं तर वर दगड नव्हता. लाकूड होतं.

आमच्या ऑफिसात असल्यामुळे मला ते काय आहे ते लगेच कळलं आणि नवल म्हणजे आश्चर्यही वाटलं नाही. कमान बांधताना खाली आधी लाकडाचा अर्धगोल साचा उभा करतात. त्यावर दोन्हीकडून दगड चढवत आणायचे, मधोमध चावीचा दगड बसवायचा. चुना धरेपर्यंत सगळा भार साच्यावर. मग साच्याखाली मारलेल्या पाचरी ठोकून सैल करायच्या, म्हणजे साचा उतरतो. कमान उभी राहणार की कोसळणार ते त्या घडीला कळतं. त्याआधी कुणीच छातीठोक सांगू शकत नाही.

साच्याखाली बायका बसल्या होत्या. दोन रांगांत, समोरासमोर, पंगतीला बसावं तशा. सगळ्यांच्या हातांना कोपरापर्यंत पांढरं लागलेलं, आणि प्रत्येकीपुढे फडक्यात भाकरी. मी त्यांच्यात होते. माझ्या शेजारची बाई तरुण होती, माझ्याहूनही लहान असेल. मांडीवर तान्हं मूल, त्याच्या डाव्या पायाला चिंधी गुंडाळलेली. चिंधी गुळाच्या पाण्याने भिजून चिकट झाली होती. मी विचारलं नव्हतं, तरी ती म्हणाली की चुन्याच्या खड्ड्यात पाय पडला लेकराचा, गुळाच्या पाण्याने धुतला म्हणून निभावलं. मग मला म्हणाली, बस, हलू नको, साचा काढायला घेतलाय.

वर बाजूला माणसं उभी होती. ठक्... ठक्... एकेका घावाला वरून भुगा पडायचा, भाकरीवर, मुलाच्या केसांवर. ती फुंकर घालून काढायची. मी विचारलं, खाली कशाला बसायचं मग? लांब जाऊन बसा की. तिने माझ्याकडे असं बघितलं, की ही कुठल्या गावाहून आलीय. आवाज न चढवता, मला कामाची रीत समजावून सांगावी तसं तिने सांगितलं.

"मिस्तरी म्हने, कोन्हीतरी बसाले पाहिजे. पडनी ते आमनावर पडी. नही पडनी ते साहेब जाई खालतून."

मला खूप भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. तिथे सगळंच संथ चाललं होतं, पाण्याखाली चालावं तसं. बायका जेवत होत्या, कारण त्यांना जेवायला बसवलं होतं. कुणी वर बघत नव्हतं. माझ्या शेजारचीने भाकरी मोडली. अर्धी माझ्या हातावर ठेवली. मी नको म्हणत होते, तिने माझी बोटं मिटवली. उरलेल्या अर्धीचा मऊ पापुद्रा काढून चावून मुलाच्या तोंडात घालू लागली. भाकरी ज्वारीची होती आणि वर लसणाची चटणी, खूप तिखट.

मग लाकूड कुरकुरलं आणि वीतभर खाली आलं. दगड आला नाही. दगड आणि लाकडाच्या मधून उन्हाची एक बारीक कोर आत शिरली आणि सगळ्या बायकांच्या डोक्यांवरून फिरली. सगळ्यांनी मिळून एक श्वास सोडला, तेवढा मला ऐकू आला. वर मिस्तरी कुणावर तरी करवादत होता – नदीकडची एक पाचर अडकली होती, निघेना. राहू दे, कापून टाक, वरून चुना फिरव, असं काहीतरी म्हणाला. माझ्या शेजारची मुलाला खांद्यावर घेऊन उठली. साच्याखालून गावाच्या बाजूला निघाली. दोन पावलं जाऊन वळली.

"मन्हा पोऱ्या आठून पहिले गया," ती म्हणाली. "ध्यानमा ठेव."

शिवदासने हाक मारली तेव्हा तो शिडी खांद्यावर घेऊन उभा होता. म्हणाला, ताई, झोपेत हात काय पसरलाय, कुणी काय देतंय? माझा उजवा हात ओंजळ केल्यासारखा मांडीवर होता. रिकामा. तोंडात मात्र लसणाची चव. मी डबा उघडून पाहिला. सकाळी भरलेल्या पोळ्या आणि बटाट्याची भाजी, तशीच.

भाऊंची मुलगी आहे मी. मी आधी पाणी प्यायले, मग तोंडावर मारलं, मग स्वतःला सांगितलं की उपाशीपोटी ऊन लागलंय. आणि मग शिवदासला म्हटलं, शिडी नदीकडच्या पायाला लाव. गोलाई जिथे सुरू होते तिथे एक दगड थोडा पुढे आलेला होता, साचा टेकवायला ठेवतात तसा. त्यावर चुन्याचे आणि नंतरच्या रंगांचे थर चढलेले. मी चढून किल्लीने खरवडत गेले. शिवदास खालून विचारत होता, काय शोधताय? बोटभर खाली गेल्यावर किल्ली दगडावर वाजली नाही. मऊ गेली. बाभळीचं लाकूड होतं, काळं पडलेलं, समोरून सपाट कापलेलं. मी शिडीवरच बसून राहिले. शिवदास म्हणाला, तुम्हाला कसं कळलं? मी म्हटलं, जुन्या नकाशात होतं. जुना नकाशा कुणी पाहिला होता!

आबांना सांगायचं की नाही, हे ठरवायला मला वस्तीपर्यंतची वाट पुरली नाही. ते ओट्यावर बसले होते, माझ्या चपलांच्या आवाजावरून ओळखलं त्यांनी. आधी कमान कधी पडते ते विचारलं. मी त्यांच्या पायांशी बसले आणि सगळं सांगितलं, जसं वर लिहिलंय तसं, साहेबाच्या आधी तिचं लेकरू कमानीखालून गेलं तेही. त्यांच्या डाव्या पायाच्या घोट्याला पांढरट, गुळगुळीत डाग आहे, तो मी लहानपणापासून पाहत आले होते. कशाचा ते त्यांनाही ठाऊक नव्हतं, जन्मापासूनचा म्हणायचे. मी बोलत असताना त्यांचा हात त्या डागावर गेला आणि तिथेच राहिला.

गावाने नाल्यातून यायला लावल्याची गोष्ट आईने त्यांना सांगितली होती, पुन्हा पुन्हा सांगितली होती. साच्याखाली बसवल्याची कधीच नाही. मला वाटतं, अडवलं हे लेकराला सांगता येतं. तुला मांडीवर घेऊन मी तिथे बसले होते, हे कुठल्या तोंडाने सांगणार?

मला वाटलं, आबा आता म्हणतील, पोरी, ऊन लागलं तुला. कमानीबद्दल त्यांनी काही विचारलं नाही, पाचरीबद्दल नाही, ती दिसायला कशी होती तेही नाही. त्यांनी एकच विचारलं.

"ती जेवनी का?"

मी आठवून पाहिलं. अर्धी मला, अर्धी मुलाला. मी म्हटलं, नाही आबा. आपल्याला दिलं तिने.

त्यांनी मान हलवली, माहीत असल्यासारखी. "कायम म्हने, मी जेवनू," ते म्हणाले आणि रडायला लागले. मी आबांना रडताना त्याआधी पाहिलं नव्हतं, आजी गेली तेव्हाही नाही. मीही रडले.

त्याच आठवड्यात भाऊ जळगावहून भाड्याची जीप घेऊन आले. मी त्यांना फक्त एवढंच कळवलं होतं की आबा तयार झाले. आबांनी स्वच्छ धोतर नेसलं, काकूकडून फडक्यात भाकरी बांधून घेतली, कुणाचा हात न धरता जीपमध्ये बसले. कमान आली तशी त्यांनी ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला. गाडी बरोबर खाली उभी राहिली. आबा उतरले, चाचपत नदीकडच्या पायाशी गेले आणि खाली बसले. मला खूण केली, मी शेजारी बसले.

मागून केळीचा ट्रक आला. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, मग खाली उतरून बघून गेला आणि इंजिन बंद करून टाकलं. भाऊ रस्त्यात उभे होते. बापाला वेड लागलं की लेकीला, हे त्यांना कळत नव्हतं. आबांनी भाकरी मोडली. एक तुकडा मला दिला, एक स्वतः खाल्ला, सावकाश. उरलेला मोठा अर्धा फडक्यावर ठेवून दोघांच्या मधल्या जागेत सरकवला.

"हाई तिनी," मला म्हणाले. मग त्या जागेकडे वळून, घरात कुणाशी बोलावं तसं म्हणाले, "आते जेव, माय."

आमच्या घरात मेलेल्याला पान वाढत नाहीत. भाऊंनी असल्या गोष्टींवरून नातेवाइकांशी भांडणं केली आहेत. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते चष्मा पुसत होते, आणि आबा उठेपर्यंत पुसत राहिले. मग आबांनी माझा खांदा धरला. जीपमध्ये बसायच्या आधी ते गावाकडून रस्त्याकडे, रस्त्याकडून परत गावाकडे, असे कमानीखालून चालून आले. गुडघे दुखत असणार.

ऑपरेशन नीट झालं. पुढची सहा-सात वर्षं आबा त्या डोळ्याने पेपर वाचायचे आणि आम्ही आधीच वाचलेल्या बातम्या आम्हालाच सांगायचे. कमान पाडायचं बारगळलं, रस्त्याने बाजूने वळण घेतलं. ती आहे अजून.

भाऊंना मी नंतर सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकून घेतात, विज्ञानाचे मास्तर आहेत. त्यांचं म्हणणं, डाग तू लहानपणापासून बघत होतीस, साचा तुला ऑफिसमुळे माहीत होता, पाचर हा अंदाज, चव ही भूक. तुला आबांना काहीही करून न्यायचं होतं, म्हणून तुझ्या डोक्याने एक गोष्ट रचली. गोष्ट चांगली रचलीस, असंही म्हणतात. मला यातलं जवळजवळ सगळं पटतं. इतक्या वर्षांत मला दुसरं स्पष्टीकरण सापडलेलं नाही, आणि भुताचं तर मी मानणारच नाही.

पण मी रचली असती, तर तिला जेवू घातलं असतं मी.